एकाच दिवशी घेतलेली दोन यंत्रे

2014 सालच्या चैत्रात सांगलीच्या बाजारातून आम्ही दोन वातानुकूलन यंत्रे एकदम खरेदी केली. एक आमच्या घरासाठी आणि दुसरे नवी मुंबईत खाडीलगत राहणाऱ्या आक्कासाठी. कंपनी एक, क्षमताही एक, दीड टनाची. दोन नग घेतल्यामुळे दुकानदाराने थोडी सूट दिली आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सूट दोन्ही घरांच्या खात्यांवर निम्मी-निम्मी टाकली. आक्काकडचे यंत्र 2019च्या मे महिन्यात, सहाव्या उन्हाळ्यात, कायमचे बंद पडले. आमचे यंदा बारावा उन्हाळा काढत आहे.

दोन्ही यंत्रे एकाच कारखान्यातून, बहुधा एकाच गाडीतून आलेली. मग एकाच्या आयुष्यात एवढी तूट का पडली, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात विचारला जाणे स्वाभाविकच होते. आक्काच्या घरी तर तो नुसता पैशांचा राहिला नव्हता. तिच्या सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आणि त्यांना दम्याचा जुना विकार. मुंबईच्या मे महिन्यातील दमट रात्री त्यांना बसून काढाव्या लागू लागल्या. तिसऱ्या दिवशी दाजींनी त्यांना गाडीत घालून सांगलीला आणले. नवे यंत्र बसेपर्यंत पंधरा दिवस त्या आमच्याकडे, आमच्या यंत्राखाली झोपल्या. पहिल्याच रात्री त्यांनी मला विचारले, "तुमचा आकडा किती असतो रे?" मी म्हणालो, "सव्वीस, आणि पंखा दोनवर." त्यांच्याकडे तो पाच वर्षे अठरावर होता.

पण आकडा हे अनेक कारणांपैकी एक. खरे कारण आम्हाला सापडले ते आप्पांच्या वहीत.

आप्पांना प्रत्येक वस्तूची नोंद ठेवण्याची सवय होती. दुकानातील यंत्रसामग्रीवर आपण दरवर्षी घसारा लावतो. घरातल्या वस्तूंना मात्र आपण जणू अमर समजतो, असे ते म्हणत. त्यांच्या वहीत एसीचे एक स्वतंत्र पान होते. त्यावर खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, जाळी धुतल्याच्या खुणा, तंत्रज्ञ आला तो दिवस आणि त्याने काय केले, हे सर्व होते. आक्काकडच्या यंत्राचेही पान त्यांनी उघडले होते आणि फोनवर विचारून ते भरत असत. त्या पानावर 2016, 2017 आणि 2018 अशा तीन उन्हाळ्यांत तीच नोंद होती: "गॅस भरला." प्रत्येक वेळी अडीच ते तीन हजार रुपये. आमच्या पानावर ही नोंद एकदाही नाही.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या घरांतील सर्वाधिक पैसा याच दोन शब्दांवर वाया जातो. वातानुकूलन यंत्रातील वायू हा स्कूटरमधील पेट्रोलप्रमाणे खर्च होणारा पदार्थ नाही. तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतील उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. पहिल्या दिवशी जेवढा भरला तेवढाच तो शेवटच्या दिवशीही असायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कोठेतरी गळती आहे. संध्याकाळी गल्ला मोजताना रक्कम कमी भरली तर आपण खिशातील पैसे त्यात टाकून दुकान बंद करीत नाही. तूट कोठे आली ते शोधतो. एसीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे दरवर्षी तूट भरून देतात आणि वर तंत्रज्ञाला चहाही पाजतात.

वायू कमी असताना यंत्र चालत राहते, हीच खरी अडचण. खोली पूर्ण गार होत नाही, म्हणून कंप्रेसर थांबतच नाही. कंप्रेसरची मोटार थंड राहते ती आतल्या वायूच्या आणि तेलाच्या प्रवाहामुळे. वायू कमी झाला की तेलही नीट परत येत नाही आणि मोटार आतल्या आत भाजत जाते. आक्काकडचा कंप्रेसर एका दिवसात गेला नाही. तो तीन उन्हाळे जात होता.

म्हणून तंत्रज्ञाने "गॅस संपला" म्हटले की पहिला प्रश्न विचारावा, "गळती कोठे आहे?" नळ्यांच्या जोडावरील नट, जिथे नळीचे तोंड पसरून बसवलेले असते, तिथे ती बहुतेक वेळा असते, तेथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात आणि जोडाभोवती तेलाचा ओशट डाग दिसतो. ती तिथे नसेल तर नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून काट्यावर लक्ष ठेवावे लागते. गळती बंद केल्यावर निर्वात पंप लावून आतील हवा आणि ओलावा काढायचा आणि मग यंत्राच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतकाच वायू तराजूवर तोलून भरायचा. नुसत्या अंदाजाने भरणारा, पंप न आणणारा माणूस परत पाठवावा. तोलून घेणे आपल्या पेठेला कोणी शिकवायला नको.

आणखी एक बाब जिवाशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. जुन्या यंत्रांतील आर-22 हा वायू पेट घेत नसे. अलीकडच्या बहुसंख्य यंत्रांत आर-32 असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. काही यंत्रांत आर-290, म्हणजे प्रोपेनच, असतो. नळीत वायू शिल्लक असताना तिला ज्योत लावून डाग देणे धोक्याचे आहे. तसेच यंत्र हलवताना वायू बाहेरच्या भागात कोंडण्यासाठी कंप्रेसर चालवतात, त्या वेळी एखादी नळी उघडी राहून आत हवा ओढली गेली तर कंप्रेसर फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घर बदलताना टेम्पोवाल्याबरोबर आलेल्या माणसाकडून एसी काढून घेऊ नये, ते याचसाठी.

आता गळती झाली का, हे पाहू. आक्काचे घर चौथ्या मजल्यावर. बाहेरचा भाग इमारतीच्या डक्टमध्ये लावलेला, समोर तीन हातांवर शेजाऱ्यांच्या यंत्राचे तोंड. दोघे एकमेकांवर गरम हवा फेकीत असत. त्यात सोसायटीने शोभेसाठी बाहेरून जाळीची चौकट बसवली, त्यामुळे तिथे हात घालणेही अवघड झाले. पाच वर्षांत तो भाग एकदाही धुतला गेला नव्हता. शेवटी तो खाली उतरवला तेव्हा मागच्या पातळ पाती बोट लावताच भुग्यासारख्या गळून पडल्या.

खाडीची हवा दोन प्रकारे खाते. क्षारांचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण दलदलीतून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायूही उठतो. नासक्या अंड्यासारखा तो वास आपण नाकाला रुमाल लावून विसरतो, तांब्याला तो विसरता येत नाही. चांदीची भांडी काळवंडतात त्याच जातीची ही क्रिया. नळीवर काळा थर येतो, पुढे सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात. उघड्या नाल्याच्या काठची घरे, मग ती पुण्यातील असोत वा नागपुरातील, या बाबतीत खाडीकाठासारखीच समजावीत. आपल्यातील अनेकांचा व्यवसाय सोन्याचांदीचा. कारागिरांच्या खोलीत तेजाबाचा वापर असेल तर त्याच्या वाफेपासूनही यंत्र दूर हवे.

आक्काच्या नव्या यंत्राच्या वेळी आम्ही तीनच गोष्टी बदलल्या. बाहेरचा भाग डक्टमधून काढून मोकळ्या भिंतीवर घेतला, त्यासाठी नळी काही फूट लांबली तरी चालवून घेतले. नळ्यांवर गंजरोधक लेप असलेले यंत्र निवडले. आणि महिन्यातून एकदा, एमसीबी बंद करून, बाहेरचा भाग साध्या नळाच्या पाण्याने धुण्याचा नेम दाजींनी धरला. त्या भिंतीला खिडकी लागून आहे, हात पोहोचतो, म्हणूनच तो नेम टिकला. पाण्याचा जोर फार नको, पाती वाकतात. गाडी धुण्याचा पंप तर मुळीच नको.

आमच्या यंत्राला सांगलीची कोरडी हवा आणि पूर्वेकडील भिंत लाभली, हे मान्य केले पाहिजे. दुपारनंतर तिथे सावली असते. तेवढे श्रेय दिशेला आहे, आमच्या शहाणपणाला नाही. पण आमच्याही यंत्रावर संकटे आली, आणि त्यांतील दोन आपल्या घरांच्या दृष्टीने विशेष सांगण्यासारखी आहेत.

पहिले 2017 चे. फाल्गुन सरता सरता यंत्र सुरू करण्यापूर्वी आप्पांनी नेहमीप्रमाणे गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिले, तर बाहेरचा भाग आणि भिंत यांमधील सांदीत पारव्याचे घरटे, त्यात दोन अंडी. आप्पांनी खाली येऊन एमसीबी बंद केला आणि त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. पारव्याची अंडी साधारण अठरा दिवसांत उबतात आणि पिले उडायला आणखी चार-पाच आठवडे घेतात. तेवढे दिवस, म्हणजे जवळजवळ सारा चैत्र, आम्ही गच्चीवर झोपलो. मुले कुरकुरली, पण चिठ्ठी काढण्याची कोणाची छाती झाली नाही. पिले उडून गेल्यावर सांदी धुतली तेव्हा कळले की विष्ठेने मागच्या पातींचा एक कोपरा खाल्ला होता. त्यानंतर आम्ही मागच्या सांदीला दोन्ही बाजूंनी मोठ्या छिद्रांची जाळी लावली, हवा अडणार नाही एवढी मोकळी. जाळी लावण्याचा काळ मार्गशीर्ष-पौष. एकदा घरटे झाले की त्या वर्षापुरती वेळ गेलेली असते.

दुसरे संकट पालींचे. हिवाळ्यात यंत्र बंद असते, आतला पीसीबीचा कप्पा कोरडा आणि उबदार, म्हणून पाली तिथे मुक्कामाला येतात. उन्हाळ्यात पहिल्यांदा बटण दाबले की पाल दोन टोकांवर सापडते. ती जाते आणि पाठोपाठ पीसीबीही जळतो. आमच्या शेजाऱ्यांकडे दोन वर्षे लागोपाठ हे घडले. जीव गेलाच, वर प्रत्येक वेळी सहा-सात हजारांचा खर्च. वास्तविक उपाय अगदी किरकोळ आहे. तारा जिथून आत शिरतात ती बोटभर फट बुजवायची, हवेची छिद्रे मात्र उघडी ठेवून त्यांना बारीक जाळी लावायची. आणि पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी, वीज पूर्ण तोडून, तंत्रज्ञाकडून तो कप्पा उघडून पाहायचा. आमच्याकडे दरवर्षी होळीच्या आसपास हे होते. गेल्या वर्षी एक लहानगी निघाली. सौभाग्यवतींनी तिला सूपभर अंतर राखून झाडाकडे हाकलले.

जाळी धुण्याचा विषय एवढा सांगून झालेला आहे की तो पुन्हा काढण्याचा संकोच वाटतो. तरी एक सांगतो. आमच्या हळदीच्या पेठेतील कचेरीत जाळी आठ दिवसांत पिवळी होते, घरी तीच पंधरा दिवस चालते. नेम कॅलेंडरवरून ठरवू नये, जाळीकडे पाहून ठरवावा. कापडाच्या दुकानात तंतू बसतात, भुसारात भुसा, घरात फोडणीचा ओशट धूर आणि देव्हाऱ्यातील धूपकांडीची काजळी. ओशटपणा असेल तर कोमट पाण्यात थोडी साबणपूड चालते. वाळवायची मात्र सावलीत. जाळी तुंबली की आतल्या नळ्यांवर बर्फ धरते आणि न उकळलेला द्रव वायूऐवजी कंप्रेसरकडे परततो; तेल पातळ होते, भाग घासतात. म्हणजे पाच मिनिटांचे काम टाळल्याची किंमत शेवटी कंप्रेसर मोजतो.

टनाचा हिशेब आपल्या लोकांना एकदा सांगितला पाहिजे. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील तेवढी क्षमता. "थोडे मोठेच घ्या, पाहुणे येतात" असे म्हणून लहान खोलीत दोन टन बसवले तर ते झटपट थंड करून थांबते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. हवेतील ओल काढायला त्याला सवडच मिळत नाही. कोकणपट्टीत तर ओल काढणे हेच मुख्य काम. विलिस कॅरियर यांनी 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी पहिले यंत्र रचले तेही माणसांना गारवा देण्यासाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती, म्हणून. लहान खोलीतील मोठे यंत्र गार पण चिकट हवा देते, आणि मग घरातील मंडळी आकडा आणखी खाली नेतात.

आकड्याविषयीही गैरसमज आहे. अठरावर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून तारांकित यंत्रे मुळातच 24 अंशांवर लावून येतात, आणि प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ब्युरोचे सांगणे आहे. विजेचे बिल सर्वांना दिसते. कंप्रेसरचे तेवढे तास वाचले, हे बिलावर छापले जात नाही.

विजेबाबत आमच्या भागातील एक धोका मुंबईकरांना कदाचित जाणवणार नाही. वळवाचा पाऊस नेमका एसीच्या भर हंगामात येतो. ढग गडगडू लागले की आमच्या घरी सर्वात आधी एसीचा एमसीबी खाली येतो. रिमोटने बंद केलेले यंत्र तारेला जोडलेलेच असते. जुन्या एकगती यंत्राला स्टॅबिलायझर हवाच. वीज जाऊन लगेच आली तर तीन मिनिटे थांबावे, कारण दोन्ही बाजूंचा दाब सम होण्याआधी कंप्रेसर सुरू करणे म्हणजे चढावर भरलेली गाडी ढकलणे. आणि गिझरच्या सॉकेटमधून तार ओढून एसी चालवणाऱ्यांनी एकदा प्लगला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग, यात काटकसर नको.

2019च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या कचेरीचा बाहेरचा भाग पूर्ण पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर पेठेतील काहींनी उत्साहाने बटणे दाबली आणि पीसीबी जाळून घेतले. आम्ही मुख्य जोडणी तोडून ठेवली. तंत्रज्ञाने यंत्र उघडले, स्वच्छ पाण्याने गाळ काढला, आठवडाभर वाळू दिले, कपॅसिटर आणि पंख्याची मोटार बदलली, मेगर लावून कंप्रेसर तपासला आणि मगच सुरू केले. कंप्रेसर मोहोरबंद असतो, त्यात पाणी शिरले नव्हते. यंत्र वाचले. स्टँड मात्र आता पुराच्या खुणेच्या वर आहे.

हमीपत्राविषयी थोडक्यात. "कंप्रेसरवर दहा वर्षे" याचा अर्थ बहुधा फक्त कंप्रेसरवर दहा वर्षे. वायू, मजुरी, नळ्या आणि पीसीबी यांची मुदत वेगळी असते. वार्षिक देखभाल करार घेताना सुटे भाग धरले आहेत की नुसती धुलाई, ते वाचून घ्यावे. आक्काकडे करार होता. तो धुलाईचा होता, आणि धुलाई आतल्या भागाचीच होत असे.

पावसाळा लागला की आमचे यंत्र विश्रांती घेते. कोरड्या दिवशी अर्धा दिवस नुसता पंखा चालवून आतील ओल काढतो, म्हणजे बुरशी धरत नाही. रिमोटमधील सेल काढतो, एमसीबी बंद करतो. बाहेरच्या भागाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत काहींकडे आहे. ती बरी नव्हे, आत दमट हवा कोंडते आणि उंदरांना घर मिळते. वरून पत्र्याचा तुकडा पुरे.

बारा वर्षांच्या आमच्या यंत्रात अजून आर-22 आहे. भारतात तो 2030पर्यंत वापरातून काढायचा आहे, त्यामुळे तो दुर्मिळ आणि महाग होत जाणार. उद्या कंप्रेसर गेला तर नवा बसवायचा नाही, हे आम्ही ठरवून ठेवले आहे. जुन्या यंत्राला नवे हृदय घालण्यात आता व्यवहार नाही. फक्त एक अट मी आतापासून घातली आहे. भंगारवाला येऊन नळी कापतो आणि फुस्स करून सारा वायू हवेत जातो, तसे होऊ द्यायचे नाही. ओझोनच्या थराला तो अपायकारक आहे. सिलिंडर आणि पंप घेऊन येणारा, वायू काढून घेणारा माणूस सांगलीत मिळतो. त्याचा क्रमांक वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवला आहे. 2021 नंतर त्या पानावरील अक्षर सौभाग्यवतींचे आहे. यंदाची पहिली नोंद अशी: "होळी. कप्पा उघडून पाहिला. काही नाही. जाळी धुतली."